वहिनींचा लाल ठिपका

धक्क्याजवळच्या त्या दुकानात पुढे गळ, दोऱ्या, काठ्या आणि रीलं मिळायची, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत वहिनी असायच्या. वहिनी म्हणजे दुकानदाराच्या वहिनी. पण दाढ्या पिकलेले मासेमारसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. दुकान मुळात त्यांच्या नवऱ्यानं काढलेलं. नवरा गेला, धाकटा दीर गल्ल्यावर बसला, आणि खिडकीजवळचं नवऱ्याचं कामाचं टेबल खोक्यांच्या ढिगाखाली गेलं. वहिनींना दुसरं काही नको होतं. त्या टेबलाशी, उजेडात, चार लोकांच्या डोळ्यांदेखत बसून काम करायचं होतं. दीर दर वर्षी म्हणायचा, "एवढा मोसम जाऊ द्या वहिनी, मग ते टेबल तुमचंच." मोसमाला काय, येतो नि जातो.

त्यांचं काम रीलचा ड्रॅग बसवण्याचं. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेकच म्हणा. गळाला लागलेला मासा जोरात पळाला की रीलनं दोरी सोडायची, पण फुकट नाही सोडायची, त्याला दमवत सोडायची. ढिला ठेवला तर मासा सगळी दोरी घेऊन पसार; आवळला तर दोरी ताडकन तुटलीच. वहिनी दोरीचं टोक वजनाच्या काट्याला अडकवून ओढायच्या. दोरीला जेवढं वजन पेलतं त्याच्या चौथाईवर रील सुटायलाच हवं, आणि तेही अलगद. जरा धक्का जाणवला की सगळं खोलून आतल्या लोकरी चकत्या पुसायच्या, ग्रीस लावायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मनासारखं झालं की ड्रॅग आवळायच्या नॉबवर एक आणि त्याच्या शेजारी रीलवर एक असे नेलपॉलिशचे लाल ठिपके. नखांना मात्र त्यांनी जन्मात कधी तो रंग लावला नाही.

मग त्या ड्रॅग पार ढिला करायच्या आणि रील फळीवर ठेवायच्या. आवळून ठेवलं की चकत्या दबून एकमेकींना चिकटतात आणि ऐन वेळी सुटत नाहीत. गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचं, "पाण्यावर गेलात की नॉब आवळत न्या. ठिपके पहिल्यांदा भेटले की पुढे जा, दुसऱ्यांदा भेटले की थांबा."

यंदा दिराचा जावई दुकानात आला. आधीची नोकरी सुटलेली. त्याच्या भाषेत 'सोडलेली'. आला तो थेट खिडकीजवळ. इतकी वर्षं जागचा न हललेला तो ढीग एका दुपारी हलला, घ्या! वहिनी मागच्या खोलीतून बघत राहिल्या. बोलणार काय, कपाळ?

त्यात धक्क्यावरची मोठी स्पर्धा तोंडावर आली आणि वहिनी तापानं अंथरुणाला खिळल्या. फळीवर त्यांनी बसवलेली रीलं ओळीनं तयार होती. जावयानं एकेक हातात घेऊन पाहिलं. सगळी ढिली! "काकूंचं लक्षच नाही हो," असं सासऱ्याला सांगून या शहाण्यानं एकूणएक रील दातओठ खाऊन आवळलं. वर "मी तयार करून ठेवलंय, हात लावू नका," असं सांगून गिऱ्हाइकांच्या हवाली केलं.

स्पर्धेच्या दिवशी धक्क्यावर ताड, ताड आवाज नुसते. बेकरीवाल्याच्या गळाला जन्मात लागला नव्हता एवढा मासा लागला. रील दगडासारखं गप्प बसलं आणि दोरी तुटली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन तारस्वरात ओरडला. मागोमाग आणखी चौघे. वहिनी तापातून उठून त्याच दिवशी पहिल्यांदा कामावर आल्या होत्या. त्यांनी बेकरीवाल्याचं रील पाहिलं. ठिपके एकमेकांना सोडून भलतीकडेच गेले होते.

"हे आवळलं कुणी?" त्यांनी विचारलं.

जावई मोबाइलमध्ये बघत राहिला. दिरानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "माफ करा हो. आमच्या वहिनींचं आता वय झालंय. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी! गिऱ्हाइकं गेल्यावर दीर मागच्या खोलीत आला. "चार माणसांत जावयाचा पाणउतारा करू का वहिनी? तुम्ही काय, आपल्याच."

आपल्याच! आपल्या माणसाला चिखलात लोटायचं, कारण ते आपलंच, निमूट उठून पाय धुऊन घेईल. वहिनींनी काटा पिशवीत टाकला आणि घर गाठलं. धक्क्यावरचं एक कुत्रं त्यांच्या दारी रील घेऊन आलं नाही. बाजारात बाया हळहळायच्या, "हात गेला म्हणे बिचारीचा." त्या 'बिचारी'नं त्यांचं काळीज जळायचं.

मोसम संपत आला तेव्हा दीर घरी आला. काखोटीला त्याचं स्वतःचं रील.

"उद्या हॉटेलवाल्यांबरोबर बोटीवर जायचंय. मोठं गिऱ्हाईक आहे. एवढा ड्रॅग बसवून द्या."

"जावईबापू आहेत की, भाऊजी."

"त्याला कुठलं जमतंय?"

"मग हे बाजारात सांगा ना."

"आता जुनं कशाला उकरायचं, वहिनी? पुढच्या मोसमात टेबल नक्की तुमचं."

वहिनी हसल्या. रील घेऊन त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर खोललं, चकत्या पुसल्या, काटा लावला. वाईट काम त्यांच्या हाताला येतच नव्हतं, रागातसुद्धा नाही. दोरी लोण्यासारखी सुटली. दिरानं स्वतः ओढून पाहिली आणि भारावून म्हणाला, "तुमच्यासारखा हात कुणाला नाही."

"हे ऐकायला इथे दुसरं कोण आहे?" वहिनींनी विचारलं.

दीर हातातलं रीलच उलटसुलट करून बघायला लागला.

वहिनींनी रील परत घेतलं. ठिपका लावला नाही. नॉब उलटा फिरवत नेला तो पार ढिला होईपर्यंत, आणि रील त्याच्या हातात ठेवलं. "माझा हात गेलाय, भाऊजी. तुम्हीच सांगितलंत. टेबलाशी जो बसतो त्याच्याकडून आवळून घ्या."

"अहो, पण कुठपर्यंत आवळायचं?"

वहिनी ओटा पुसत होत्या. दिरानं घाईघाईनं दोरी ओढली, तशी ती भसाभस बाहेर आली आणि फरशीवर गुंत्याचा ढीग झाला. तो उकिडवा बसून गुंता सोडवायला लागला. वहिनींनी ओट्यावरचा काटा उचलला, फडक्यात गुंडाळला आणि वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दिला.