पुलावर जोडलेले हात

हे मी सुमित्राला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. म्हणजे कुणालाच सांगितलं नाही – कारण मनातलं सांगायला मला तिच्याशिवाय कुणी नव्हतंच. आता ती नाही. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, अक्षर बिघडलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो.

मी मास्तर होतो. मुलांना नकाशावर छडी फिरवून गोदावरी दाखवायचो – इथून निघाली, आपल्या गावावरून गेली, आणि शेवटी समुद्राला मिळाली. शेकडो वेळा शिकवलं असेल. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मला माहीत नव्हतं, असं पुढं कुठं वाटायला नको.

सुमित्रानं समुद्र कधी पाहिला नाही. मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. एकदा त्यात मेलेला मासा चिरताना दाखवला. पोटात पिशव्या, पुड्या, बाटलीची टोपणं. तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आपली गंगा शेवटी तिथंच जाती ना हो?" आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी हो म्हणालो. "मंग आपली पिशवी बी तिथंच जाती."

दुसऱ्या दिवसापासून ती दुधाच्या पिशव्या धुवायला लागली. तेलाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या – सगळं धुऊन दोरीवर वाळत घालायची. शेजारणी हसायच्या, मास्तरीणबाई, इस्त्री बी करता का म्हणायच्या. ती हसून म्हणायची, आणा तुमच्या, करते. हळूहळू त्याही आणून द्यायला लागल्या. वाळलेल्या पिशव्यांच्या ती गड्ड्या करायची आणि प्रत्येक गड्डी जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून बांधायची. सुतळीनं नाही. सुतळी महाग म्हणून नव्हे – म्हणायची, जिथं जाईल तिथं आपलं वाटलं पाहिजे.

ताडकळसला, आमच्या बाजाराच्या गावी, हनीफचं भंगाराचं दुकान होतं. पातळ पिशव्या कुणी घेत नाही, पण सुमित्रानं स्वतः जाऊन त्याला गळ घातली होती. तो म्हणाला, धुतलेली असंल तर भाभी, मी कधी नाही म्हणणार नाही. परभणीच्या गाडीत घालून देईन. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून गड्ड्यांचं पोतं न्यायचं काम माझ्याकडं आलं. बाजाराच्या दिवशी, स्कूटरवर पुढं ठेवून.

पहिले तीन-चार बाजार मी नेलं. खरंच नेलं. मग एकदा बाजारात माझाच एक जुना विद्यार्थी चारचौघांत म्हणाला, "काय गुरुजी, पेन्शन पुरंना झाली का? भंगार येचायलाव?" लोक हसले. मीही हसलो.

एवढंच. याहून मोठं कारण नाही. मी पुष्कळ शोधलं – तुम्हीही शोधू नका.

आमच्या गावाहून ताडकळसला जाताना गंगेवरचा पूल लागतो. तिथं लोक गाडी थांबवतात, घरातलं निर्माल्य पिशवीत गाठ मारून आणलेलं असतं, ते कठड्यावरून खाली सोडतात, हात जोडतात आणि पुढं जातात. कुणी कुणाला विचारत नाही. पुढच्या बाजाराला मी तिथं स्कूटर थांबवली. पोतं कठड्यावर ठेवलं, ढकललं. मागून कुणीतरी येत होतं – म्हणून हात जोडले, डोळेही मिटले. येणाऱ्यानं गाडी हळू केली आणि माझ्यासोबत नमस्कार केला.

असं दोन वर्षं चाललं. घरी आलो की ती विचारायची, दिलं का? मी म्हणायचो, दिलं. हनीफनं एकदा बाजारात विचारलं, गुरुजी, भाभींचं पोतं येत नाही आजकाल? त्याला सांगितलं, आता परभणीहूनच माणूस येतो. खोटं किती सहज जमत जातं, नाही?

मग धोंडिबा आला. नदीकाठानं शेरडं-मेंढरं चारणारा, आमच्याच गावचा. त्याची गाभण शेळी पोट फुगून मेली होती. पोट फाडलं तर आत पिशव्यांचा गोळा, आणि गोळ्यात हिरवी पट्टी. ती धुऊन त्यानं सुमित्राच्या हातात ठेवली. भांडला नाही. "बाई, वळखीची वाटली म्हून आणली," एवढंच म्हणाला.

तिनं पट्टी उलटीपालटी केली. मग माझ्याकडं बघितलं. "तुमी हनीफभाईच्या हातात देता ना?"

तिथं बोलता आलं असतं. ती रागावली असती, चार दिवस जेवली नसती, मग कधीतरी बोलली असती. मी म्हणालो, "देतो की. त्यानंच फेकलं असंल."

गावानं ते लगेच खरं मानलं. पुरावा कुणी मागितला नाही. हनीफच्या जागी माझ्या भावकीतला कुणी असता तर मागितला असता – हे मला बोलतानाही ठाऊक होतं. शेळी मारणारा म्हणून त्याचं नाव झालं. आमच्या गावचं भंगार त्याच्याकडं जायचं बंद झालं, मग शेजारच्या गावांचंही.

एक दिवस तो आमच्या दारात आला. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. सुमित्रा उंबऱ्यात उभी राहिली आणि त्याला बोलली – तिला कधी कुणाला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझं पोतं त्याच्या दुकानात दोन वर्षांत आलं नव्हतं, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "गुरुजींना विचारा, भाभी."

ती वळली. मी पेपरचं पान उलटलं.

तो गेला. पुढं दुकान मोडून मुलाकडं परभणीला राहायला गेला. पत्ता मला माहीत आहे. मी गेलेलो नाही.

शेवटच्या आजारात सुमित्रा एका दुपारी म्हणाली, "हनीफभाईला मी लय बोलले. माझी काई चूक तर झाली न्हाई ना?" तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, न्हाई. तिनं डोळे मिटले. तीन दिवसांनी ती गेली.

धोंडिबाची शेळी हनीफनं मारली नाही. मी मारली. गावात हे कुणी वाचलं तर तसंच सांगावं.

तिच्या अस्थी गंगेतच सोडल्या, पुलाखाली. पाणी उतरलं होतं. काठच्या बाभळींना पुरानं आणलेलं सगळं अडकलेलं – पिशव्या, चिंध्या, आणि त्यांत हिरव्या पट्ट्या. एक नव्हे, कितीतरी. काहींची गाठ अजून सुटली नव्हती. सुमित्रा गाठ पक्की मारायची. आमचा मुलगा म्हणाला, बाबा, नमस्कार करा.

मी हात जोडले. त्या जागी मला ते सवयीनं जमतं.