रोजची आणि रविवारची

माझी आत्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ म्हणून म्हणून तिचं बोलणंच तसं तुटक झालं होतं. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, हिचा माझ्यावर राग आहे. मग कळलं की राग नाही, ती समोरचा हलायचा थांबेपर्यंत वाट बघते आणि मगच बोलते.

आजी-आजोबांचं सगळं तिनेच केलं होतं. बाबा लग्न करून दुसऱ्या शहरात गेले, आणि आत्या मात्र औषधांच्या वेळा सांभाळत त्याच तीन खोल्यांत राहिली. तिचं लग्न कधी ठरता ठरता मोडलं असं नाही, ते ठरवायला कुणाला सवडच झाली नाही. आजी-आजोबा दोघंही वारले आणि घर एकदम मोकळं झालं. मग एका शनिवारी ती गाडी घेऊन आली. दोनच सीटची, जमिनीला टेकलेली, गडद हिरवी, कापडी छपराची स्पोर्ट्स कार. हॉस्पिटलातल्या एका दंतवैद्याने वापरून विकायला काढलेली.

बाबा बघायला आले आणि गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, “अगं, ह्यात भाजीची पिशवी तरी मावते का?”

“भाजी आणायला बस आहे,” आत्या म्हणाली.

खरंच, कामावर ती बसनेच जायची. गाडी आठवडाभर कापडाखाली झाकलेली. रविवारी सकाळी ते कापड निघायचं, छप्पर मागे सरकायचं, आणि आत्या डोक्याला रुमाल बांधून शहराबाहेर टेकडीच्या रस्त्याला लागायची. कधी शेजारी मी असायचे. वळणावर गिअर बदलताना ती ओठ घट्ट मिटायची आणि वळण पार पडलं की हसायची. एरवी तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

सर तिच्या आयुष्यात मनगट मोडून आले. शाळेत खेळ शिकवायचे ते. आत्याने मनगट पाटावर नीट ठेवत विचारलं, “कसं पडलात?”

“उंच उडीत मुलांना दाखवत होतो, कसं पडायचं नाही ते.”

आत्या हसली, तेही हसले, त्यामुळे पहिला फोटो हलला आणि तो पुन्हा काढावा लागला. प्लास्टर निघालं तरी सरांना मनगट दाखवायला सारखं यावंसं वाटत होतं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं, “मनगट उत्तम आहे हो, आता काय ते एक्स-रेवाल्या बाईंनाच विचारा.”

सरांची बायको तीन वर्षांपूर्वी आजारात गेली होती. दोन मुली होत्या. धाकटी आठ वर्षांची आणि बोलकी. तिने पहिल्याच भेटीत आत्याला ‘मावशी’ करून टाकलं आणि गाडीला ‘बाथटब’. थोरली तेरा वर्षांची. ती आत्याला काहीच म्हणत नसे. मावशी नाही, काकू नाही, बाई नाही. बोलायचंच झालं तर वाक्य अशा बेताने सुरू करायची की हाक मारावी लागू नये. “इथे पाणी मिळेल?” असं.

गाडीत एकच पाहुणा मावायचा, म्हणून रविवारी मुलींना पाळीपाळीने फेरी मिळे. धाकटीची फेरी पुलापर्यंत आणि परत. थोरलीची मात्र लांबत जायची. गाडीत तिचं तोंड उघडायचं, हे आत्याने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात एक जपलेला आनंद होता. “छप्पर उघडं असलं की बोलते गं ती. वाऱ्यात ओरडून बोलावं लागतं ना, मग संकोच राहत नाही.” शाळेतल्या मैत्रिणी, न आवडणारं गणित, सगळं यायचं. गाडी दारात थांबली की पुन्हा कुलूप.

वर्ष-सव्वा वर्षाने लग्नाचं ठरलं. सरांनी आत्याला ‘अहो मॅडम’ वरून ‘अगं’ वर आणलं होतं, पण आत्या मात्र शेवटपर्यंत त्यांना ‘सर’च म्हणत राहिली. चौघांना रोज लागणारी एक गाडी हवी, हे उघडच होतं. आत्या म्हणाली, “मी ही विकते. दोन गाड्या कशाला?”

“ती विकायची नाही,” सर म्हणाले. “मी तुला तिच्यात बसलेली पाहिलं आहे. रोजची वेगळी घेऊ. ती रविवारची राहू दे.”

आत्या त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाली, “बघ, विकायची नाही म्हणाले.” तिच्यासाठी आजवर कुणी काही राखून ठेवलं नव्हतं.

मग शोरूमच्या वाऱ्या सुरू झाल्या. शनिवारी दुपारी आम्ही पाचही जण जायचो. आत्याला स्टिअरिंग हातात नीट बोलणारं हवं होतं. सरांना डिकी हवी होती, तीत खेळाच्या जाळ्या आणि चेंडू मावायला हवेत. धाकटीला मागची काच पूर्ण खाली जाणारी हवी होती, अर्धी जाणारी म्हणजे फसवणूक. ती प्रत्येक गाडीत काच खाली करून हनुवटी टेकवून बघायची. थोरलीला विचारलं की म्हणायची, “कुठलीही.”

“कुठलीही नावाची गाडी इथे नाही गं,” सर म्हणायचे. ती कानातलं संगीत मोठं करायची.

आत्या गाडीत बसायची ती आधी मागे. मधल्या जागेत बसून गुडघे पुढच्या सीटला लागतात का बघायची, पट्टा ओढून बघायची. एका विक्रेत्याने सांगितलं, “मॅडम, मालक मागे बसून गाडी निवडत नाहीत.” आत्या म्हणाली, “मी मालक नाही, मी ह्यांच्यात नवीन आहे.” सर मोठ्याने हसले. मीही हसले. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

शेवटच्या शोरूममध्ये एक राखाडी गाडी होती. दिसायला अगदी साधी, शाळेच्या फाटकासमोर दहा उभ्या असतात तशी. डिकी मोठी, काच पूर्ण खाली जाणारी, आणि आत्या चालवून आली तर म्हणाली, “वळणावर एका अंगावर झोपत नाही ही.” सगळ्यांचं एकमत होत होतं. तेवढ्यात विक्रेता थोरलीला लाडाने म्हणाला, “ताई, तुम्ही आता आईच्या शेजारी पुढे बसून बघा की.”

थोरली मागच्या सीटवर होती. ती दार उघडून खाली उतरली आणि शोरूमच्या मागच्या दाराने निघून गेली. सर धाकटीबरोबर डिकीत वाकले होते, त्यांना कळलंच नाही. आत्या मागोमाग गेली.

पुढचं आत्याने मला काही वर्षांनी सांगितलं. मागे गाड्या धुवायची जागा होती. तिथे जुन्या टायरांच्या थप्पीवर मुलगी बसली होती. आत्या तिच्या शेजारच्या टायरवर बसली. समोर एक मुलगा नळीने गाडी धूत होता.

“आईची पण राखाडीच होती,” मुलगी म्हणाली. “रोजची. मी शाळेतून आले तर नव्हती. बाबांनी विकली होती. त्यांना ती बघवत नव्हती, म्हणाले. मला बघायची होती. तिच्या सीटला तिच्या तेलाचा वास होता.”

 आत्या म्हणाली, “आपण दुसऱ्या रंगाची घेऊ.”

“रंगाचं नाही.” मुलगी रडत नव्हती, हेच आत्याला जास्त लागलं. “मला रविवार आवडतो. खरंच आवडतो. तुम्ही रविवारच्याच राहा ना. रोजची नको.”

पहिल्यांदाच तिने आत्याला काहीतरी म्हणून संबोधलं होतं. ‘तुम्ही.’

दोघी आत आल्या तेव्हा आत्याचा चेहरा मी पाहिला. एखाद्याच्या फोटोत नको ते दिसलं की ती असा चेहरा करायची. पेशंटला काही कळू द्यायचं नसतं, ते डॉक्टर सांगतील. “हीच घेऊ,” ती सरांना म्हणाली. “फक्त निळी घेऊ.”

गाडी सरांच्या नावावर घेतली, कारण मुलींना शाळेत तेच सोडणार होते. ती घरी आली त्या दिवशी धाकटीने काच खालीवर करून करून सगळ्यांना वेड लावलं. आत्याने शेजारची सीट स्वतःच्या उंचीला लावून घेतली. मग मुली वर गेल्या आणि ती दोघं खालीच, नव्या गाडीत बसून राहिली. आत्याने तिथेच सांगितलं.

“सर, आपण लग्न थोडं थांबवू या. थोरली मोठी होईपर्यंत. मी येत जाईन रविवारी. रोज नको.”

“ती काही बोलली का तुला?”

“नाही,” आत्या म्हणाली. “मलाच जमेलसं वाटत नाही.”

मुलीचं नाव घेतलं तर बाप तिला समजवायला जाईल, ती ऐकेल, आणि जन्मभर मनात ठेवेल, असं आत्याला वाटलं. सरांना वाटलं, हिला आपलं मोकळं आयुष्य सोडवत नाही. दोघांनीही आपापल्या परीने एकमेकांना समजून घेतलं आणि दोघांचंही चुकलं.

“मला रविवारचं माणूस नको गं,” सर म्हणाले. “रोज रात्री दोन वेण्या घालून, डबे धुऊन मी एकटा बसतो. मला रोजचं माणूस हवं होतं.”

आत्या बसने घरी आली. मी विचारलं, “गाडी कशी आहे?” ती म्हणाली, “चांगली आहे. मागे पाय लागत नाहीत.” आणि मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडून दिला.

पहिले काही रविवार ती गेली. मग सरांचाच फोन आला, की मुलींना आशा लागते, आणि मलाही, नको येऊस. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. मुलींच्या आजीने शोधलेलं स्थळ होतं.

हिरवी गाडी कापडाखाली राहिली ती राहिलीच. बॅटरी उतरली, एका चाकातली हवा गेली. मी शिक्षण संपवून नोकरीला लागले, पण राहायला आत्याकडेच. तिला एकटं सोडून जावंसं वाटेना.

मग एकदा दुपारी तिच्या एक्स-रेच्या खोलीत एक बाई धाकटीला घेऊन आल्या. सायकलवरून पडली होती, कोपर सुजलं होतं. उंच झाली होती, पुढचे दात नीट आले होते. आत्याला बघून तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

“ओळखतेस का गं ह्यांना?” त्या बाईंनी विचारलं.

“बाबांचं मनगट मोडलं होतं ना, तेव्हा ह्यांनीच फोटो काढला होता,” धाकटी म्हणाली. मुलं किती लवकर शिकतात.

बाई चांगल्या होत्या. आत्या म्हणते, चांगल्या होत्या हेच कठीण गेलं. मुलीचा हात धरताना त्या स्वतःच श्वास रोखून उभ्या होत्या. फोटो झाल्यावर मात्र त्या बोलत राहिल्या, घाबरलेली माणसं बोलतात तशा. “नशीब गाडी दारात होती. डिकी एवढी मोठी, सायकलसुद्धा मावली. ह्यांनी फार विचार करून घेतलीय हो ती गाडी.”

“हो का,” आत्या म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “आणि मोठी कशी आहे?”

“ती वसतिगृहात असते. आमचं लग्न झालं आणि तिनंच हट्ट धरला. सुट्टीतसुद्धा येत नाही फारशी. मी खूप प्रयत्न केला.” बाईंचे डोळे भरले. “तिला मी काय म्हणून हवी होते, तेच कळलं नाही मला.”

आत्याने बाईंना घातलेला शिशाचा एप्रन काढून खुंटीला लावला, फोटो नीट आलाय म्हणाली, हाड शाबूत आहे म्हणाली. बाहेर बाकावर रांग होती. तिने पुढच्याला हाक मारली. तो दिवस तिने पूर्ण केला, आणि घरी येऊन मला सगळं सांगितलं. टायरांची थप्पी, तेलाचा वास, ‘तुम्ही’.

“मी जिच्यासाठी बाजूला झाले, तीच घरात नाही,” ती म्हणाली. “आणि मी असते तर? तेव्हाही गेलीच असती का गं?”



गेल्या वर्षी आत्याचे गुडघे दुखायला लागले. बसची पायरी चढवेना, आणि हिरव्या गाडीत खाली बसणं तर अशक्य नव्हे, पण उठणं अवघड. पण ती गाडी विकायला आत्या तयार नव्हती. मेकॅनिकला बोलावून तिने ती पुन्हा चालू करून घेतली आणि म्हणाली, “रविवारी मी कशीही उतरेन. रोजसाठी एक बघू.”

आम्ही दोघी गेलो. विक्रेत्याने विचारलं, “घरी किती जण, मॅडम?”

“मी,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “ही जाईल कधीतरी.”

ती मागच्या सीटवर बसली नाही. पट्टे ओढून बघितले नाहीत. उंच सीटची एक छोटी पांढरी गाडी दाखवली, तिने पाय आत घेऊन बघितले, बाहेर काढून बघितले, आणि “चालेल” म्हणाली. विक्रेता गडबडला. त्याने अजून काही सांगायला सुरुवातही केली नव्हती.

गाडी मिळाली त्या दिवशी ती चालवत होती, मी शेजारी. शाळेसमोरच्या सिग्नलला थांबलो. शाळा सुटली होती. दारं उघडत होती, दप्तरं मागच्या सीटवर पडत होती, कुणीतरी काच खाली करून भावाला हाक मारत होतं. आत्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती रडायला लागली. आवाज न करता, तोंड समोर ठेवून. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला, मग आणखी दोघातिघांनी. मी तिच्या हातावर हात ठेवला, ‘चल’ म्हटलं नाही. गाड्या आमच्या बाजूने वळसा घेऊन जात राहिल्या, सिग्नल पुन्हा लाल झाला, आणि आम्ही तिथेच होतो.