शिंदे सर आणि आमच्या टायरची हवा

शिक्षकाच्या नोकरीत वह्या तपासून संपतात, किस्से मात्र साठतच जातात. आम्ही जामखेडहून खर्ड्याच्या शाळेत रोज मोटारसायकलनं जाणारे पाच-सहा जण. आमच्या निम्म्या किश्श्यांचे मालक एकच, गणिताचे शिंदे सर. यांच्या खिशात पेनाशेजारी हवा मोजायचा गेज असतो! सकाळी निघताना प्रत्येकाच्या टायरला तो लागणार म्हणजे लागणारच. आम्ही वैतागायचो. आता वाटतं, असा माणूस नशिबानं मिळतो.

*

पीटीचे गवळी सर टायर अंगठ्यानं दाबून निकाल द्यायचे. "एकदम टाइट हाय!"

शिंदे सर म्हणाले, "अहो, तुमचा हा अंगठा हजेरीच्या मशीनला ओळखू येत नाही. अन् त्याच्या भरवशावर घाट उतरता?"

तेव्हापासून गवळी सर टायर लाथ मारून तपासतात.

*

मोरे सर आणि मोरे मॅडम एकाच गाडीवर येतात. मागं कोण बसतं त्यावर मागच्या चाकाची हवा ठरते, हा शिंदे सरांचा नियम. त्यांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं, "मॅडम, वजन किती?"

मोरे सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी नाही विचारत हो, टायर विचारतंय!"

"मग टायरलाच सांगते," म्हणत मॅडम तडक पार्किंगमध्ये गेल्या, वाकल्या आणि टायरशी काहीतरी पुटपुटल्या. शिंदे सरांनी गेज लावला, मान डोलावली आणि म्हणाले, "कळलं!"

*

मे महिन्यात आम्ही गाड्यांवर शिर्डीला गेलो. भर दुपारी नगरला थांबलो तर गवळी सरांनी शिंदे सरांचा गेज आपल्या गाडीच्या मागच्या टायरला लावला. आकडा जास्त दिसला. लगेच फुस्स करून हवा सोडली!

शिंदे सर चहा टाकून धावले. "काय केलं हे! टायर तापलंय म्हणून आकडा चढलाय. गार झाल्यावर मोजायचं असतं!"

"लई काळजी करता राव तुमी," गवळी सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिर्डीच्या लॉजखाली त्यांच्या गाडीचं मागचं चाक पार बसलेलं. गवळी सरांनी हात जोडले. "बघा सर, हितं आल्यावर समदेच नमत्यात!"

*

गेल्या वर्षी माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. धडधाकट शेतकरी माणूस, पण हाडं तेवढी उरली. डॉक्टर म्हणाले, वजन वाढल्याशिवाय पुढची औषधं त्यांना सोसणार नाहीत. आणि अण्णांना तर घास उतरेना. मी आतून हादरलो होतो.

दवाखान्यात न्यायचं तर चारचाकीत त्यांना मळमळायचं. म्हणून डॉक्टरांना विचारून मोटारसायकलवर नेऊ लागलो. शिंदे सर शेजारीच राहतात. दर वेळी निघायच्या आधी गेज आणि पंप घेऊन हजर! मी बोलावलं नव्हतं. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गाडीवर मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे लिहिलेले असतात. एकटा बसला तर कमी, दोघं बसले तर जास्त. पहिल्या दिवशी सर चाकाशी बसले, वर अण्णांकडे पाहिलं. सगळ्यांना वजन विचारणारा हा माणूस त्या दिवशी काहीच विचारेना. मला हळूच म्हणाले, "एकट्याचीच राहू द्या. दणके कमी लागतील. सावकाश चालवा."

अण्णांनी ते ऐकलं.

पुढं कितीतरी फेऱ्या एकट्याच्याच हवेवर झाल्या. घरी आई भाकरी कुस्करून दुधात घालायची, अण्णा हट्टानं खायचे. कधी उलटून पडायचं, तरी पुन्हा वाटी मागायचे. वजनकाट्यावर मात्र घरी उभे राहायचे नाहीत. मीही आग्रह धरला नाही, भीती वाटायची.

एका सकाळी सर नेहमीसारखे चाकाशी बसले होते. अण्णा टोपी घालून बाहेर आले. माझा हात न धरता पायऱ्या उतरले, गाडीपाशी आले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, आता दोघांची हवा भरा की!"