ऑटिलीची ऑर्डर ऐकू आली पाहिजे

डेल्फिन वोइता ही बाई माफ करत नाही. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगतोय. चीजच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं पॅकिंगला होती. तिथल्या एका मुकादमाने एकदा सगळ्यांसमोर तिच्या हातातून डबा ओढून घेतला आणि 'असा भरतात' म्हणून दाखवलं. चौदा वर्षांनी तो निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांनी केक खाल्ला. डेल्फिनबाईंनी आपला तुकडा त्याच्यासमोर नेला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि 'असा टाकतात' म्हणून हात पुसले.

अशा बाईच्या वाटेला जाऊ नये एवढी अक्कल आमच्या मॅनिटोवॉक गावात शाळेतल्या पोरांनाही आहे. गॉर्डी लेमकेला नव्हती.

गॉर्डीचा बँड बेन्केच्या टॅव्हर्नमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी पाच ते आठ वाजवायचा. शुक्रवारी आमच्याकडे तळलेला मासा खायला अख्खं गाव बाहेर पडतं, आणि बेन्केकडे तर दारापर्यंत रांग असते. गॉर्डी पुढची, मुख्य सुरांची गिटार वाजवायचा, डेल्फिनबाई मागची, ताल धरणारी. शिवाय एक अकॉर्डियन आणि एक ड्रम. बावीस वर्षं बाई त्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या स्टुलावर बसल्या. नवरा, एमेट, गेल्यापासून तर आठवड्यातला तेवढाच एक दिवस त्या लिपस्टिक लावायच्या. त्यांचा अॅम्प्लिफायर एमेटने बनवला होता. चीजच्या जुन्या खोक्यांचं पाइनचं लाकूड, तीस वॅट, आणि मागच्या फळीवर इस्त्रीचा डाग, कारण एमेटने तो त्यांच्या इस्त्रीच्या टेबलावर जोडला होता.

फेब्रुवारीत बाई बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर मे महिन्यात निघालं. त्यांचा अॅम्प बँडच्या गाडीतच राहिला होता. एप्रिलमध्ये गॉर्डीने ग्रीन बेच्या एका दुकानातून शंभर वॅटचा, छातीइतका उंच, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा अॅम्प आणला आणि बदल्यात काय काय दिलं त्यात एमेटचं खोकंही देऊन टाकलं. विचारलंही नाही.

मेच्या पहिल्या शुक्रवारी बाई गिटार घेऊन बेन्केकडे आल्या. लिपस्टिक लावून. कोपऱ्यात त्यांचं स्टूल नव्हतं, तिथे ते काळं कपाट उभं होतं. गॉर्डीने त्यांना पाहिलं आणि माइक ओढला.

"मंडळी, आपली डेल्फिन आली! डेल्फिन, तुझं ते खोकं आम्ही माशाबरोबर तळून टाकलं गं! आणि आता मी एकटाच दोन गिटारींना भारी आहे. तेव्हा तू बस आरामात, मासा खा. टाळ्या वाजवा रे बाईंसाठी!"

लोक हसले. टाळ्या वाजल्या. मीही हसलो. आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल.

बाई तिथेच दारात गिटारची पेटी धरून उभ्या राहिल्या. मग रॉझ बेन्के, म्हणजे मालकीण, त्यांना हाताला धरून टेबलाशी घेऊन गेली.

आता माझं सांगतो. माझं नाव वॉली. आठव्या रस्त्यावर हार्डवेअरच्या मागे माझं दुकान आहे. जुन्या गिटारी आणि अॅम्प विकतो, दुरुस्त करतो. माझं मत विचाराल तर गिटारवाले कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकतात. जेवढं खोकं मोठं तेवढा माणूस मोठा, असा त्यांचा हिशोब. हा गॉर्डी तीन शनिवार माझ्याकडे येऊन बसला होता. बर्फाचे बूट माझ्या गालिच्यावर ठेवून एकेक अॅम्प वाजवला, एकेका व्हॉल्व्हची माहिती माझ्याकडून काढून घेतली, आणि खरेदी ग्रीन बेला केली. त्यामुळे माझ्याही पोटात थोडं दुखत होतंच.

जूनमध्ये डेल्फिनबाई दुकानात आल्या. बरोबर त्यांची शेजारीण ऑटिली, वय वर्षं एकोणऐंशी, हातात बेन्केचं मेनूकार्ड.

"वॉली, त्या दिवशी तू हसलास," बाई म्हणाल्या.

"हसलो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"बरं झालं कबूल केलंस, नाहीतर ग्रीन बेलाच जाणार होते. मला अॅम्प हवाय. दीडशे डॉलरच्या आत."

"मोठा आवाज हवा असेल तर तेवढ्यात..."

"मोठा कोणी मागितला? तुझ्याकडचा सगळ्यात लहान दाखव."

मला वाटलं, बाईंनी हाय खाल्ली, आता घरी बसून वाजवणार. वाईट वाटलं. पण त्यांनी ऑटिलीला स्टुलावर बसवलं, अॅम्पपासून तीन पावलांवर, आणि मला समोर उभं केलं.

"तू आता रॉझ. ऑटिली तुला ऑर्डर देईल. ओरडणार नाही, नेहमी बोलते तशीच बोलेल. तुला ऐकू आली पाहिजे. आणि माझी गिटारही गिटारसारखी वाजली पाहिजे. दोन्ही."

"हे कसलं बाई अॅम्प निवडणं?"

"तुझं काम ऑर्डर घ्यायचं. घे."

तासभर हा तमाशा चालला. पहिला अॅम्प नवा, ट्रान्झिस्टरचा, आत वीस प्रकारचे आवाज भरलेले. ऑटिलीची ऑर्डर स्वच्छ ऐकू आली, पण गिटार डासासारखी. दुसरा पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हचा. लहान ठेवला तर मेलेला, मोठा केला तर गोड, पण मग ऑटिलीचे नुसते ओठ हलताना दिसायचे. तिसऱ्याला घरघर होती. चौथ्याच्या वेळी ऑटिली म्हणाली, "वॉली, माझी पाच वेळा ऑर्डर झाली, आता खरंच काहीतरी खायला दे." मी तिला बिस्किटं दिली.

बाईंची नजर दाराकडे गेली. "ते काय आहे?"

"ते? दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलंय. कोणीतरी जुन्या रेडिओच्या भागांतून बनवलेला अॅम्प आहे. एक वॅट. एकच बटण."

"दार आपटू दे. तो इकडे आण."

कुत्र्याने कुरतडल्यासारखं तपकिरी कापड होतं त्याच्यावर. बाईंनी गिटार जोडली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. आणि मी खरं सांगतो, माझ्याच दुकानात दोन वर्षं दार अडवून बसलेल्या त्या खोक्यातून असा भरलेला, किंचित खरखरीत, ऊबदार आवाज आला की मी ऑर्डर घ्यायचं विसरलो.

"तळलेला पर्च मासा," ऑटिली म्हणाली, "बटाट्याची धिरडी, राय ब्रेड. ऐकतोयस ना?"

ऐकत होतो. शब्दन् शब्द.

"हाच," बाई म्हणाल्या. त्यांनी गिटार खाली ठेवली. "आता सांग. गॉर्डीचा तो शंभर वॅटचा, आवाजाचं बटण एकावर ठेवलं तर कसा वाजतो?"

"एकावर? पत्र्यासारखा. असला अॅम्प भरपूर जोरात वाजवला तरच गातो. त्याला जत्रेचं मैदान पाहिजे, बेन्केची खोली नाही."

"आणि मध्येच वीज गेली तर?"

"परत आली तरी व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर मुका."

बाईंनी मान हलवली. "तेवढंच विचारायचं होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्या खोक्यात एका बंद पडलेल्या चर्चच्या ऑर्गनचा मऊ स्पीकर बसवून दिला आणि नव्वद डॉलर घेतले. त्यात हसल्याची भरपाई धरली होती.

त्यानंतरच्या शुक्रवारपासून डेल्फिनबाई, ऑटिली आणि चर्चमधल्या आणखी चार म्हाताऱ्या कोपऱ्यालगतच्या टेबलावर बसू लागल्या. बरोबर गॉर्डीच्या अॅम्पच्या तोंडाशी. रॉझ ऑर्डर घ्यायला आली की सहाजणी कानाला हात लावायच्या.

"काय? ऐकू नाही आलं!"

यात खोटं काहीच नव्हतं. खरंच ऐकू येत नव्हतं. फक्त इतर टेबलांवरचे लोक खुणा करून भागवायचे, या भागवायच्या नाहीत. कॉडऐवजी पर्च आला की परत. कोबीची कोशिंबीर नको म्हटलेली आली की परत. प्रत्येक वेळी अत्यंत गोड हसून. "तुझी काही चूक नाही गं रॉझ, बिचारी तू, या गोंगाटात ऐकू तरी कसं यावं!" जुलै गेला, ऑगस्ट गेला. रॉझचा घसा बसला. रांगेतली माणसं टेबल मोकळं व्हायची वाट बघत ताटकळायला लागली. रॉझ गॉर्डीला कमी कर म्हणाली. गॉर्डी म्हणाला, "अगं, याच्या खाली हा अॅम्प वाजतच नाही!" त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

शेवटी एके दिवशी बाई रॉझला सहज म्हणाल्या, "शेजारच्या टू रिव्हर्स गावात एका हॉलमध्ये म्हणे भिंतीवर दिवा लावलाय. आवाज वाढला की लाल होतो, आणि पाच सेकंद लालच राहिला तर स्टेजची वीज आपोआप तुटते. तुझा नवरा इलेक्ट्रिशियन आहे ना?"

सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी दिवा लागला. मी मुद्दाम लवकर जाऊन जागा धरली. हसायला नाही, बघायला. बरं, हसायलाच.

गॉर्डी दिव्याकडे बघून म्हणाला, "हे ख्रिसमसचं आत्तापासून का?" आणि सुरू झाला. हिरवा, पिवळा, लाल. पाच सेकंद. खट्. अकॉर्डियनला कुठली वीज लागते? ते चालूच राहिलं, ड्रमही चालू राहिला, आणि गॉर्डी मधोमध नुसते हात हलवत होता. वीज आली तरी मिनिटभर त्याचं कपाट मुकं. लोक धिरडी खात त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वीज आली तेव्हा आतला फ्यूज उडाला. मग एक-दोन शुक्रवार त्याने अॅम्प एकावर ठेवून बघितला. आवाज ऐकून ऑटिली मोठ्याने म्हणाली, "रॉझ, स्वयंपाकघरात चमचे पडले का गं?"

कोणीही शहाण्या माणसाने लहान अॅम्प आणला असता. पण गॉर्डी गिटारवाला. "खेळण्यावर वाजवू मी? मी?" असं म्हणून ऑक्टोबरात तो रागाने बँड सोडून गेला. पुढच्या शुक्रवारी डेल्फिनबाई एका हातात गिटार, दुसऱ्या हातात ते तपकिरी खोकं घेऊन आल्या आणि आपल्या कोपऱ्यात स्टूल ओढून बसल्या. दिवा रात्री आठपर्यंत हिरवाच होता.

इथे संपलं असं मला वाटलं होतं. पण गॉर्डीही काही कमी नाही. नोव्हेंबरात तो आपल्या बोलिंगच्या पाच दोस्तांना घेऊन आला आणि त्याच टेबलावर बसला, जिथे बायका बसायच्या. रॉझ ऑर्डर घ्यायला गेली. गॉर्डीने काहीतरी सांगितलं, तिने परत विचारलं, आणि त्याने कानाला हात लावला.

"काय? ऐकू नाही आलं! फार गोंगाट आहे इथे!"

पाचही दोस्त खिदळले. रॉझचा चेहरा उतरला. ती दिव्याकडे बघायला लागली. हिरवा होता, पण गिऱ्हाईक तक्रार करतंय म्हटल्यावर ती काय करणार? मला वाटलं, बाईंचा कोपरा जातो आता.

बाईंनी वाजवणं थांबवलं. माइक ओढला. बावीस वर्षांत त्यांनी माइकला कधी हात लावला नव्हता.

"रॉझ, लिहून घे," त्या म्हणाल्या. "गॉर्डीला कॉड, तीन तुकडे. बटाट्याची धिरडी, सफरचंदाचा गर जास्त. कोबी नको, कोबीने त्याला वात होतो, हे तो दोस्ताला हळूच म्हणाला. शेजारच्याला पर्च. त्याच्या शेजारच्याला ब्रँडी, पण बायकोला सांगू नका म्हणाला. मी गिटार वाजवत होते, मला सगळं ऐकू आलं. गॉर्डी, तुला आला नाही का रे तुझाच आवाज? टाळ्या वाजवा रे गॉर्डीसाठी!"

टाळ्या अशा वाजल्या की दिवा पिवळा झाला. गॉर्डीचे दोस्तच सगळ्यात जोरात हसत होते. त्याचे कान लालबुंद झाले. तो कोट घेऊन उठला, तेव्हा बाई माइकमध्येच, पण हळू म्हणाल्या, "एमेटचं खोकं परत आण, गॉर्डी. मग बोलू."

लोकांचं हसू तिथेच थांबलं. गॉर्डी बाहेर गेला, पण ते वाक्य त्याला लागलं असावं. ग्रीन बेच्या दुकानाने ते खोकं केव्हाच कोणाला तरी विकलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी तो गाडी काढतो आणि जुन्या सामानाची दुकानं पालथी घालतो. मिलवॉकीपर्यंत जाऊन आला. माझ्याकडेही येतो, आता बूट दाराबाहेर काढून. "पाइनचं आहे रे, वॉली. मागे इस्त्रीचा डाग. कळलं तर सांग."

जानेवारीत फॉन्ड डू लॅकच्या एका ओळखीच्या दुकानदाराने मला फोन केला. मी त्याच दिवशी गाडी काढली. डाग तसाच होता. खोकं बाईंच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं तेव्हा त्यांनी आधी ओल्या फडक्याने ते पुसलं, मग त्या डागावर हात ठेवून बराच वेळ बसल्या. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. बेन्केकडे तो अॅम्प वाजवता येणार नाही, तीस वॅटला दिवा लाल होईल. पण त्या घरी रोज वाजवतात.

निघताना मी विचारलं, "गॉर्डीला सांगू का? बिचारा दर शनिवारी शोधतोय."

बाईंनी फडकं पिळून नळावर वाळत घातलं.

"शोधू दे की," त्या म्हणाल्या.

परवा गॉर्डी परत आला होता. बाहेर कडाक्याची थंडी, मोजे ओले, नाक लाल. मी त्याला गरम कॉफी दिली, आणि ऑशकॉशला एक दुकान आहे म्हणे, तिथे बघ, असं सांगितलं.