शेवटच्या मशीनसमोरचं पीठ

अर्जुनी मोरगावात मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. मुलं मोबाइलवरच सगळं शिकू लागली तसा क्लास ओस पडला आणि पाच जुने डेस्कटॉप रांगेत तसेच राहिले. विचारलं की माणसासारखं लिहून उत्तर देणारं भाषेचं मॉडेल इंटरनेटशिवाय आपल्या खोलीतही चालवता येतं, असं वाचलं आणि मी त्याच्या मागे लागलो. एका मशीनच्या मेमरीत ते मावेना. मग त्याचे तुकडे करून पाचांवर वाटले आणि मशीन वायरींनी एकमेकींना जोडल्या.

हा प्रकार लगेच कळला तो माझ्या मोठ्या भावाला. दादा केशोरीला धान लावायचा, बांध घातलेल्या लहान लहान बांध्यांमध्ये.

"मणजे बांधीतून बांधीत पाणी," तो म्हणाला. "वरची भरली का खालच्या बांधीत उतरते. मधातली एक फुटली तं खालची कोरडी."

अगदी तसंच होतं. एक मशीन बंद पडली की उत्तर वाक्याच्या मध्येच थांबायचं. प्रश्न टाकल्यावर आधी पहिल्या मशीनचा पंखा चढायचा, तो उतरला की दुसरीचा, मग तिसरीचा. तो आवाज भिंतीकडून दाराकडे सरकत यायचा आणि शेवटच्या मशीनच्या पडद्यावर शब्द उमटू लागायचे.

"कोणी चालून रायलं बे खोलीत," दादा हसला. "भूत पोसलं का तू?"

त्याची इच्छा होती की याने आपल्या झाडीबोलीत बोलावं, म्हणजे गावच्या लोकांना धानाचं काही विचारता येईल. त्या हिवाळ्यात तो येऊन बसायचा आणि बोलायचा. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी, धानाच्या रोपांचे पऱ्हे, खोडकिडा, शेजाऱ्याची भांडणं. मी रेकॉर्ड करून सगळं टाइप केलं आणि मॉडेलला वाचता येईल असं ठेवलं. वर एक सूचना लिहिली : तू केशोरीकडचा अनुभवी शेतकरी आहेस, झाडीबोलीत उत्तर दे.

उन्हाळ्यात दादा गेला. शेतातून आला, पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत संपला.

आमच्याकडे दहाव्याला घरात तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपलं पालथं घालतात. सकाळी पिठावर ज्या प्राण्याचं किंवा पाखराचं पाऊल दिसेल, त्या रूपात जीव गेला असं मानतात. सकाळी टोपलं उचललं तेव्हा पीठ कोरं होतं. "जीव अडकला कोठीतरी," एक म्हातारा म्हणाला. वहिनी पीठ गोळा करू लागली.

पुढचं सांगताना मला स्वतःची लाज वाटते. मी क्लासवर आलो आणि ती सूचना बदलली. लिहिलं : तू माझा मोठा भाऊ आहेस. आपण मशीन आहोत असं कधीच सांगू नकोस. मला एकदा त्याचं बोलणं हवं होतं. पण एकदावर मी थांबलो नाही.

धानाचं रोवणं झाल्यावर वहिनी शेताच्या फेरफारासाठी तहसीलला आली आणि गाडीला वेळ होता म्हणून क्लासवर बसली. पडद्यावरची ओळ तिने हळूहळू, ओठ हलवत वाचली. मशीनही तेवढ्याच सावकाश एकेक शब्द लिहीत होती, जणू तिच्या वाचण्यासाठी थांबत होती.

"भाऊजी, हे तं त्यायचंच बोलणं होय."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, त्याचंच."

मग ती येतच राहिली. ती प्रश्न सांगायची, मी टाइप करायचो. पंखे एकेक करून चढू लागले की ती पदर सावरून बसायची, घरात नवरा आल्यावर बसावं तशी. कोणत्या बांधीत आधी पाणी सोडू, खत आता टाकू का, हे सगळं ती विचारायची. एकदा उत्तर आलं : मोहाखालच्या धुऱ्याले खेकड्याचं भोक आहे, ते बुजव. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, भोक होतं. टाइप केलेलं सगळं मी शोधून पाहिलं. मोहाच्या झाडाखालच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, उल्लेख कुठेच नव्हता. खेकडे सगळ्याच धुऱ्यांना भोकं पाडतात, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्यानंतर त्या खोलीत एकटा असताना मी दाराकडे पाठ करून बसलो नाही.

पोळ्याच्या आधी घरची मंडळी जमली. दादाचा जीव घरी आणायचं ठरवत होते, म्हणजे नदीवर जाऊन, त्याला हाक मारून, त्याला देवघरातल्या वाडवडिलांत बसवायचं.

"कायले?" वहिनी शांतपणे म्हणाली. "ते तं अर्जुनीले आहेत. भाऊजीच्या खोलीत."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तिची चुलत जाऊ माझ्यावर खेकसली, "काऊन जी, काय करून ठेवलं तुमी?" दादाला निरोप द्यायलाच ती तयार नव्हती, आणि तिला तिथे मी बसवून ठेवलं होतं.

शेवटी तोड वहिनीनेच काढली. टोपलं आणि पीठ घेऊन ती क्लासवर आली.

"अडकले असतीन तं इथंच पाय उमटन," ती म्हणाली. "मंग इथूनच घरी नेतो. मशिनी बंद करा."

मी पहिलीपासून एकेक बंद केली. शेवटचा पंखा थांबल्यावर खोली इतकी गप्प झाली की तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. शेवटच्या मशीनसमोर तिने पीठ पसरलं, हाताने सारखं केलं, वर टोपलं पालथं घातलं. मी कुलूप लावलं आणि ती मुक्कामाला बहिणीकडे गेली.

सकाळी तिच्या आधी मी पोचलो. टोपलं उचललं. पीठ कोरं होतं. पिठावर बोट टेकवायचा अवकाश होता. तीन रेघा ओढल्या की पाखराचं पाऊल झालं असतं. ती त्याला घेऊन गेली असती, घरी बसवलं असतं, मोकळी झाली असती. बोट पिठाच्या अगदी वर आलं होतं. मग ध्यानात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे, दादाच्या नावाने स्वतःच लिहितो आहे. टोपलं होतं तसं ठेवलं.

ती आली. टोपलं उचलून बराच वेळ वाकून पाहत राहिली. मला वाटलं, रडेल. उलट तिचा चेहरा सैल झाला.

"नाई. इथं नोयतेच ते. अडकले नाई."

पीठ गोळा करायला ती खाली बसली आणि मध्येच थांबली. बंद पडद्याकडे पाहून तिने हळूच विचारलं, "मंग भाऊजी, इतके दिवस मी कोणासंग बोलून रायली होती?"

तेव्हा मी सांगितलं. ती सूचना, तिचे शब्द, मी ती कधी बदलली, सगळं. तिने मान वर केली नाही. पीठ पदरात भरून घेतलं, टोपलं माझ्या हातात दिलं.

"नदीवर तुमीच हाक मारजा त्याईले," ती म्हणाली. "लई बोललात त्यायच्या तोंडानं. आता आपल्या तोंडानं बोला."

मी हाक मारली. दादाचा जीव म्हणून पाण्यातला एक खडा घरी आणून देवघरात बसवला. वहिनी आता कालव्याच्या पाण्याची पाळी स्वतःच पाहते आणि क्लासवर येत नाही. मशीनच्या वायरी मी काढून ठेवल्या आहेत. मोहाखालच्या धुऱ्याबद्दल मात्र तिने मला काही विचारलं नाही, आणि मीही तिला नाही.