मूठभर पाला

आमच्या पेणच्या काकीला माप या गोष्टीचाच राग होता. पापडाच्या पिठात मीठ, हिंग, पापडखार सगळं मुठीने पडायचं, आणि पापड असा उतरायचा की गल्लीतल्या बायका पीठ भिजवताना तिलाच हाक मारत. माझी आई रोह्याहून गेली की चमचा घेऊन बसे. काकी तो काढून घेई. "अगो ताई, हाताला समजतंय. चमच्याला काय जीभ हाय?" आई फणकारायची, आणि परतताना पापड मात्र काकीच्याच हातचे आणायची.

औषधपाण्याचंही तेच. खोकल्याला अडुळसा, पोटाला ओवा, मुका मार लागला की हळद, सगळं मुठीने. तिच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. तिचं सगळंच वेडेपण होतं असंही नाही. भांडून भांडून तिने काकांची तंबाखू सोडवली होती, आणि ताटात पालेभाजी नसली तर ती कुणाला जेवायला बसू देत नसे. मी रोह्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते, आकड्यांवर माझं पोट. त्यामुळे आम्हा दोघींचं सारखं वाजायचं. मी काही समजवायला गेले की म्हणायची, "तू तुझी मशीन बघ गो, मी माझी मानसं बघतंय."

काका टेम्पो चालवायचे. हमरापूरच्या कारखान्यांतले गणपती गवतात बसवून गावोगाव पोचवायचे. त्यांच्या मानेला गाठ आली, ती सीझन संपेपर्यंत कुणी मनावर घेतली नाही. मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल, तपासण्या आणि लिम्फोमा हा शब्द. डॉक्टर म्हणाले, हा बऱ्यापैकी आटोक्यात येणारा कॅन्सर आहे, कोर्स मात्र पुरा करा. काकीने तेवढंच धरून ठेवलं. काका बरे होणार, यापलीकडे तिला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

केमोच्या दुसऱ्या का तिसऱ्या सलाईनला ती कोपऱ्यात रडत होती. तिला धीर यावा म्हणून नर्स म्हणाली, "मावशी, यातलं एक औषध आपल्या सदाफुलीतूनच काढतात." ते खरंच आहे. त्या नर्सने खोटं काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

काकीच्या दारात सदाफुली ओळीने लावलेली. रोज देवाला वाहायची ती. घरी पोचताच तिने मला फोन केला. "अगो, दवा देवानं दारात लावून ठेवलाय नि आमी मुंबईला धावतंय!" मी घाबरले. तिला सांगितलं, की ढीगभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं, ते शुद्ध करतात, माणसाच्या अंगाच्या मापाने थेट शिरेत देतात. तुझ्या पाल्यात ते किती आहे कुणालाच ठाऊक नाही, आणि सोबत आणखी काय काय आहे तेही नाही. विषारी आहे, देऊ नकोस. ती म्हणाली, "व्हय गो." काकीचं 'व्हय' तिला कधी बांधून ठेवत नसे, हे मला माहीत होतं. तरी मी फोन ठेवला आणि कामाला लागले.

पुढे काकांच्या तोंडात फोड आले. भाताची पेजही गिळवेना. चाळीस वर्षं ज्यांना पोटभर वाढलं, त्यांच्यापुढचं भरलेलं ताट उचलताना काकीचा जीव तुटायचा. मुंबईचं औषध माणूस वाळवतं, मग घरच्या औषधाने भरून काढू, असा तिचा हिशेब. तिने हॉस्पिटल सोडलं नाही. तिने फक्त जोड दिली. सकाळी सदाफुलीच्या पाल्याचा काढा, संध्याकाळी काढा.

पुढच्या सलाईनच्या आधी काकांचं रक्त माझ्याकडे आलं. पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या, की मी नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. गाडी काढली आणि पेण गाठलं. काका तापाने फणफणले होते, आणि चुलीवरच्या टोपात पाला उकळत होता.

"काकी, किती दिलास?"

"मूठभर."

"कधीपासून?"

तिने टोप उचलून मोरीत ओतला आणि म्हणाली, "चल, आधी त्यांना ने."

मुंबईच्या डॉक्टरांनी विचारायच्या आत तिने स्वतःच सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "केमोनेही पेशी उतरतात, या पाल्यानेही उतरू शकतात. कशाने किती, ते आता सांगता येणार नाही." जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. आठवडाभरात काका गेले.

काकीने सदाफुली उपटली नाही, पण पाणी घालणं बंद केलं. पापडाच्या पिठाला हात लावेना. आमटीत मीठ घालतानाही चमचा घेऊन थांबून राही, आणि शेवटी शेजारणीला विचारी. एकदा खालच्या आळीतली एक बाई छातीतल्या गाठीसाठी पाला मागायला आली, तर काकी चप्पल घालून तिला स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. "डॉक्टरला समदं सांग. घरात काय खाल्लंस, त्ये पन सांग. लपवू नको गो बाय." ती बाई आज पापड लाटते आहे.

मी भेटले की मात्र काकी एकच विचारायची. "खरं सांग गो, माझ्या हातानं गेले का?" मी म्हणायची, नाही. आकड्यांवर जगणारी मी, आणि याचा आकडा माझ्याकडे नव्हता.

गेल्या वर्षी तिच्या हृदयाने हात टेकले. मी पेणला जाऊन उशाशी बसले. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नाही काकी."

"तुला ठाव नाय," ती म्हणाली. "मला पन नाय. तरी सांग. आनखी एकदा सांग."

मी सांगितलं. ती डोळे मिटून होती, म्हणून पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. ती ऐकायची केव्हा थांबली, मला कळलं नाही.