रेघ एकाच जागी

मी मूळची भित्री. लहानपणी पालीला घाबरायचे, मोठेपणी सरांच्या फोनला. पण त्या उन्हाळ्यात, सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, मी स्वतःच्याच लॅपटॉपला घाबरत होते आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

माझं पीएच.डी.चं काम एका दूरच्या आकाशगंगेच्या केंद्रावर होतं. तिथं एक प्रचंड कृष्णविवर आहे. त्यात पडण्याआधी वायू त्याच्याभोवती फिरतो, तापतो आणि अतिनील प्रकाशात झळाळतो. आपलं वातावरण तो प्रकाश जमिनीपर्यंत येऊ देत नाही, म्हणून उपग्रहावरच्या दुर्बिणीनं तो टिपायचा. तो कधी, किती कमीजास्त होतो हे मोजणं माझं काम. माझ्या आकाशगंगेचा प्रकाश अधूनमधून एकदम खाली जायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा जागेवर यायचा. केंद्रासमोरून काहीतरी काळं सरकत असावं, असं मी मांडलं होतं. सगळा प्रबंध त्यावरच उभा होता.

माझे मार्गदर्शक सर खूश होते. परिषदेत तूच बोलायचं, म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "एक तेवढं बघून घे. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावर काही जागा मंद असतात. आकाशगंगेची प्रतिमा नेमकी तिथं पडली तर प्रकाश उगाच कमी दिसतो. प्रत्येक वेळी ती कुठं पडली होती, ते काढून पाठव."

काम अर्ध्या दिवसाचं. मी आज करू, उद्या करू म्हणत ढकलत राहिले. सर काय विचारतायत हे मला नको तितकं कळत होतं, आणि ते मी पुस्तकात शिकले नव्हते.

आई घरी टॉवेलांच्या कडा शिवते. यंत्रमागाच्या कारखान्यातून गठ्ठे येतात, आणि शाळेत असल्यापासून घड्या मी घालते. मागाच्या फणीचा एखादा दात वाकला, की पुढच्या प्रत्येक टॉवेलवर काठापासून तेवढ्याच अंतरावर रेघ उठते. एखाद्याच टॉवेलवर रेघ असेल तर दोष सुताचा. एकाच जागी येत राहिली, तर मागाचा. मग आई तो टॉवेल माझ्या हातात देऊन मला कारखान्यात पिटाळायची, जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याकडे. मी पोचेपर्यंत तो माग खटाखट तसलेच टॉवेल काढत असायचा.

शेवटी एका दुपारी देवाचं नाव घेतलं आणि आकृती काढायला बसले. बाहेर मरणाचं ऊन होतं. चौकोन म्हणजे कॅमेरा. प्रकाश कमी झाला त्या प्रत्येक वेळी एक लाल ठिपका. विखुरलेले येऊ देत रे देवा, असं मी मनात घोकत होते.

ठिपके आले. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात, एकावर एक. एकही बाहेर नव्हता.

मी पटकन पडद्यावर हात ठेवला, कारण मागं आई गठ्ठा घेऊन उभी होती. त्या क्षणी मला सरांपेक्षा तिची भीती वाटली. आमच्या पोरीनं आकाशात कायतरी शोधलंय, असं ती गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटली होती. कृष्णविवर तिला समजावून सांगावं लागलं असतं. हे चित्र मात्र तिला न सांगताच कळणार होतं.

"हात काढ की," ती म्हणाली.

मी काढला.

"हे तांबडं काय हाय?"

"प्रकाश कमी झाला ना, त्या जागा."

ती वाकून बघत राहिली. "समदं एकाच जागी हाय."

"व्हय."

आता ती विचारणार, मग इतकी वर्षं काय केलंस? मी रडायच्या बेतात होते. तिनं गठ्ठा खाली ठेवला, पदरानं घाम पुसला.

"जॉबरला सांगितलंस का न्हाय अजून?"

"न्हाय."

"मग सांग की. हितं बसून काय हुतंय? तोवर माग चालूच ऱ्हातोय."

मी फोन उचलला. सरांचा नंबर लावला. रिंग जायला लागली तशी आई माझ्याजवळ येऊन बसली. शिवायचे टॉवेल तसेच पडले होते.